धोरणाच्या विद्यार्थ्यांचे स्वागत खिडकीपाशी व्हावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नव्याने प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या स्वागत समारंभाला पाहुणा म्हणून जाण्याचा योग नुकताच आला. तीस वर्षे प्रशासनात काढलेल्या माणसाने मुलांना चार शब्द सांगावेत, त्यासाठी पाच मिनिटे मिळतील, असे आयोजकांनी कळवले होते. माझ्याआधीचे वक्ते रंगात आल्यामुळे त्या पाच मिनिटांची दोन झाली आणि तीही आभारप्रदर्शनाच्या तोंडावर. जे सांगायचे राहिले ते आपल्या पत्रातून त्या विद्यार्थ्यांपर्यंत आणि विशेषतः त्यांच्या शिक्षकांपर्यंत पोचावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

समारंभ नेटका होता, मांडणीत कसर नव्हती. 'बदलाचे शिल्पकार', 'उद्याचे धोरणकर्ते', 'समाजाला दिशा देणारी पिढी' अशा शब्दांत नव्या मुलामुलींचे कौतुक झाले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली एक विद्यार्थिनी सगळे वहीत टिपून घेत होती. तिच्या पानावर 'दृष्टी', 'नेतृत्व', 'परिवर्तन' हे शब्द एकाखाली एक आले होते आणि प्रत्येकापुढे तिने तपशील लिहायला जागा सोडली होती. कार्यक्रम संपला तेव्हाही ती जागा कोरीच होती. मी स्वतः 'अंमलबजावणी' हा एक शब्द येतो का, याकडे कान लावून बसलो होतो. दोन तासांत तो एकदाही आला नाही.

हे कुत्सितपणे लिहीत नाही. या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्या मुलांविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांत अभियंते असतात, डॉक्टर असतात, वकील आणि पत्रकार असतात, चार-सहा वर्षे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करून पुन्हा बाकावर बसायला आलेले असतात. यांतल्या बहुतेकांना दुसऱ्या वाटेने अधिक पैसा मिळाला असता. पहिल्या सत्रात संख्याशास्त्राची आणि सूक्ष्म अर्थशास्त्राची धास्ती घेणारा तर निम्मा वर्ग असेल. ती धास्ती दोन-तीन महिन्यांत जाते, त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. शिकवणारेही तयारीचे असतात. माझी तक्रार या विषयाच्या मांडणीत जे नेहमी शेवटी येते आणि वेळ उरला तरच शिकवले जाते, त्याबद्दल आहे.

या विद्याशाखेचा इतिहास पहिल्याच दिवशी सांगितला तर ही तक्रार माझ्या पदरची नाही, हे मुलांच्या ध्यानात येईल. लोकप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण अमेरिकेत १९२४ साली सिराक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलपासून सुरू झाले, असे सर्वसाधारणपणे मानतात. धोरणाचा शास्त्र म्हणून विचार व्हावा, ही मांडणी अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लासवेल यांनी १९५१ मध्ये केली. पण आज आपण ज्याला धोरणाची शाळा म्हणतो ती मुख्यतः १९६० च्या दशकाच्या शेवटी जन्मली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये संरक्षण खात्यातली नियोजन, कार्यक्रम आणि अंदाजपत्रक यांची एकत्र सांगड घालणारी पद्धत सगळ्या संघीय खात्यांना लागू केली. प्रत्येक खर्चाचा पर्यायांशी ताळा घालायचा, तर तसे विश्लेषण करणारी माणसे हवीत. ती घडवण्यासाठी विद्यापीठे पुढे सरसावली. गंमत अशी की १९७१ मध्ये ती पद्धत सोडूनही देण्यात आली. जिच्यासाठी माणसे तयार करायची ती व्यवस्था गेली आणि शाळा राहिल्या.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे १९६९ साली निघालेल्या अशाच एका शाळेचे पहिले अधिष्ठाता होते राज्यशास्त्रज्ञ आरॉन विल्डाव्हस्की. जेफ्री प्रेसमन यांच्याबरोबर त्यांनी ओकलंड शहरातल्या एका रोजगार कार्यक्रमाचा अभ्यास केला आणि तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. शहर बर्कलीला लागूनच होते. केंद्राने १९६६ मध्ये तिथे दोन कोटी तीस लाख डॉलरहून अधिक रकमेची कर्जे आणि अनुदाने जाहीर केली होती; विमानांचे हँगर, बंदरावरचा धक्का, रस्ता अशी कामे व्हायची होती आणि दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी सुमारे ३,००० नोकऱ्या त्यांतून अपेक्षित होत्या. कार्यक्रमाला उघड विरोध कोणाचाच नव्हता, पैसाही मंजूर होता. तीन वर्षांनंतर साधारण तीस लाख डॉलर खर्च झाले होते आणि त्यातला बराचसा भाग एका उड्डाणपुलावर आणि वास्तुविशारदांच्या शुल्कावर गेला होता. नोकऱ्या नाममात्र निघाल्या.

खलनायक नसताना असे का झाले, हे शोधताना या दोघांनी एक साधी गोष्ट केली. निर्णयाचे टप्पे मोजले आणि प्रत्येक टप्प्यावर किती जणांचा होकार लागत होता तेही मोजले. टप्पे ३० भरले, होकार ७०. आता गणित मुलांनी स्वतः करून पाहावे, एवढे सोपे आहे. प्रत्येक होकार मिळण्याची शक्यता शंभरात ९० धरली, तर सत्तरही होकार मिळण्याची शक्यता दहा हजारांत सहा-सात उरते. शंभरात ९५ धरली तरी शेवटी शंभरात तीनसुद्धा पडत नाहीत. प्रत्येक टेबलावर शंभरातले ९९ जण 'हो' म्हणणारे बसवले, तरी काम तडीस जाण्याची शक्यता निम्म्याला जेमतेम पोचत नाही. अर्थात, होकार एकमेकांपासून इतके सुटे नसतात, एकाने मान डोलावली की दुसऱ्याची मान हलकी होते, आणि अडलेला होकार वाटाघाटीने मिळवताही येतो. हा आक्षेप योग्यच आहे. तरीही नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, ज्यांनी हातात धरून टेबलामागून टेबल फिरवली आहे, त्यांना हे गणित शिकवावे लागत नाही. धोरणाच्या विद्यार्थ्याला मात्र ते पहिल्या आठवड्यात करायला लावावे, कारण त्यानंतर तो जे टिपण लिहील त्यात 'संबंधित विभागांच्या समन्वयाने' हे तीन शब्द लिहिताना त्याचा हात थोडा थबकेल.

पुराव्यावर आधारित धोरण, हा सध्याचा आवडता शब्दप्रयोग आहे आणि त्याच्या विरोधात कोण असणार? पण पुरावा एका ठिकाणचा आणि अंमलबजावणी दुसऱ्या ठिकाणची, असे झाले की काय होते याचे उदाहरणही मुलांना सुरुवातीलाच भेटावे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे एक मोठा प्रयोग झाला. ७९ शाळांमधल्या ११ हजारांहून अधिक मुलांना लहान आणि नेहमीच्या वर्गांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे विभागले. लहान वर्गात १३ ते १७ मुले, नेहमीच्या वर्गात बाविसाच्या पुढे. शिक्षकही तसेच वाटले. लहान वर्गातली मुले वाचनात आणि गणितात पुढे राहिली. गरीब आणि अल्पसंख्य घरांतल्या मुलांना अधिक लाभ झाला. शिक्षणशास्त्रात इतका स्वच्छ निष्कर्ष क्वचित मिळतो. पुढे १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने प्राथमिक शाळेतले सुरुवातीचे वर्ग वीसच मुलांचे करण्याचा निर्णय घेतला आणि तो काही महिन्यांतच सगळ्या राज्यात सुरूही केला. वर्ग तिशीच्या आसपास होते, ते विसावर आणायचे म्हणजे एका फटक्यात हजारो नवे शिक्षक आणि तितक्याच खोल्या हव्यात. खोल्यांसाठी वाचनालये आणि सभागृहे गेली. शिक्षकांच्या जागा पूर्ण प्रशिक्षण न झालेल्यांनी भरल्या आणि अनुभवी शिक्षक गरीब वस्त्यांतल्या शाळा सोडून नव्याने निघालेल्या, बऱ्या ठिकाणच्या जागांवर गेले. टेनेसीत ज्यांचा सर्वांत जास्त फायदा झाला होता, नेमकी त्यांचीच शाळा इथे अधिक कच्ची पडली. अभ्यास खोटा नव्हता. वर्ग लहान करताना बाकी सगळे जसेच्या तसे राहील, हे गृहीत मात्र कोणी तपासले नव्हते.

परदेशातल्या चुका सांगणे सोपे असते, म्हणून एक माझी सांगतो.

नोकरीच्या मधल्या काळात निराधार वृद्धांना दरमहा साहाय्य देण्याच्या एका योजनेचे नियम लिहिणाऱ्या तीन जणांच्या गटात मी होतो. आधीच्या योजनेत एक तक्रार वारंवार येत असे, की संयुक्त खात्यातले पैसे नातेवाईक परस्पर काढून घेतात. मी त्यावर एका ओळीचा उपाय सुचवला. साहाय्याची रक्कम केवळ अर्जदाराच्या एकट्याच्या नावावरील बँक खात्यातच जमा होईल, असे ते वाक्य होते. वाक्य सुटसुटीत होते, हेतू चांगला होता आणि वरिष्ठांनी त्या ओळीचे कौतुकही केले होते. ज्या वृद्ध स्त्रियांसाठी मुख्यतः ही योजना होती त्यांतल्या अनेकींचे एकटीच्या नावाचे खातेच नव्हते. बँकेपर्यंत जाणे जमत नाही म्हणून मुलाचे किंवा सुनेचे नाव खात्यावर घातलेले होते. नवे खाते काढायचे तर राहत्या जागेचा पुरावा स्वतःच्या नावाचा हवा, आणि घराचा कागद मुलाच्या नावावर. अर्ज धडाधड त्रुटीत निघू लागले. आमच्याकडे येणाऱ्या मासिक अहवालात 'त्रुटीतील अर्ज' असा एकच आकडा असे. तो फुगतो आहे हे दिसत होते. लोकांना नियम कळत नाहीत, असे आम्ही ठरवले आणि माहितीपत्रके आणखी छापली.

चौदा महिन्यांनी दुसऱ्याच कसल्या तरी तपासणीसाठी मी एका स्थानिक कार्यालयात गेलो. अर्ज स्वीकारणाऱ्या लिपिकाच्या टेबलाखाली दोरीने बांधलेला एक गठ्ठा होता आणि त्यातल्या प्रत्येक अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत 'सं. खा.' असे लिहिलेले होते. हे काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, "संयुक्त खाते, साहेब. नियम बदलला की लगेच काढता यावेत म्हणून वेगळे ठेवलेत." नियम बदलेल असे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते. वर का कळवले नाही, या माझ्या दुसऱ्या प्रश्नावर त्यांनी मासिक अहवालाचा नमुना माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "यात कारणाचा रकाना नाही."

तो नमुनाही आमच्याच गटाने तयार केला होता. अर्जदार खात्यावर पहिल्या नावाची असेल तर संयुक्त खाते चालेल, अशी दुरुस्ती करायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्या गठ्ठ्यातल्या काही अर्जांच्या अर्जदार तोवर हयात नव्हत्या.

या प्रसंगातून मला जे उमगले ते पदवीच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते असे नाही; पण ते पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात होते आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. माझी विनंती आहे ती या क्रमाबद्दल. योजनेची कल्पना, पर्यायांचे विश्लेषण, खर्च आणि लाभ यांचा ताळेबंद, मग शिफारस, आणि मग कधीतरी अंमलबजावणी, असा जो क्रम शिकवला जातो तो उलटा करून पाहावा. नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला, लिपिकाच्या शेजारी, चार दिवस बसवावे. भेट नको, पाहणी नको, छायाचित्रे तर नकोतच. फक्त बसायचे आणि परत जाणारे किती जण कशामुळे परत गेले, हे साध्या वहीत लिहायचे. मुलाखतीत पुढारलेली आणि सादरीकरणात वाकबगार असलेली मुले इथे थोडी बिचकतात, तर आधी क्षेत्रात काम केलेली आणि इंग्रजी शब्दांना दबून मागच्या बाकावर बसलेली मुले इथे मोकळी होतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांनी आधी नोकरी केली आहे त्यांनी तो अनुभव वर्गात लपवू नये, असेही मला या निमित्ताने सांगावेसे वाटते.

अंमलबजावणीच्या अडचणीकडे आधीपासून पाहिले तर तिचा उपयोगही करून घेता येतो. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांतल्या मातांना, मुले शाळेत आणि दवाखान्यात नियमित गेली तर, थेट पैसे देण्याची योजना आणली. सगळ्या गावांत ती एकदम सुरू करणे शक्य नव्हते. योजनेचे एक मुख्य शिल्पकार सांतियागो लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीचाच फायदा घेतला. मोजमापासाठी निवडलेल्या ५०६ खेड्यांपैकी ३२० खेड्यांत योजना आधी आणि १८६ खेड्यांत नंतर सुरू केली, आणि कोणती खेडी आधी घ्यायची ते यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरवले. उशीर तर होणारच होता; त्या उशिरातून तुलना मिळाली. पुढे २००० मध्ये सत्तर वर्षांहून अधिक काळ सत्तेत असलेला पक्ष गेला, नवे सरकार आले, तरी योजना मोडली गेली नाही. नाव बदलून ती वाढवण्यात आली. मोजमापाचे आकडे हाताशी होते, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. ती कायमची टिकली असे मात्र नाही, २०१९ मध्ये नंतरच्या एका सरकारने ती बंद केली. आकडे राजकारणाला काही काळ थोपवतात, एवढेच.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमचे उदाहरण दुसऱ्या अंगाने पाहण्यासारखे आहे. शहरात येणाऱ्या गाड्यांवर गर्दीच्या वेळी कर लावायचा, या कल्पनेला लोकांचा विरोध होता. तिथल्या प्रशासनाने वाद जिंकत बसण्याऐवजी ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ एवढ्याच मुदतीसाठी कर लावला, जादा बस सोडल्या, आणि मग सप्टेंबरात सार्वमत घेतले. रहदारी साधारण पाचव्या हिश्शाने कमी झालेली लोकांनी रस्त्यावर पाहिली होती. कौल कराच्या बाजूने गेला आणि ऑगस्ट २००७ पासून तो कायम झाला. अहवाल वाचून न पटलेली गोष्ट सात महिने वापरून पटली. मुदत संपल्यावर कर खरोखरच बंद केला होता, हा या हकिकतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि सांगताना नेमका तोच गाळला जातो.

जाता जाता एक. वर्गात पहिल्या महिन्यात कोणीतरी नागांची गोष्ट सांगेलच: मेलेल्या नागामागे इनाम लावले म्हणून लोकांनी नाग पाळले, वगैरे. तिला भक्कम आधार मिळत नाही. त्याऐवजी फ्रेंच राजवटीतल्या हनोईची १९०२ ची नोंद सांगावी. तिथे मेलेल्या उंदरामागे नव्हे तर दाखवलेल्या शेपटीमागे पैसे मिळत, म्हणून शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर हिंडताना दिसू लागले. धोरण शिकणाऱ्याने ऐकीव गोष्टीपेक्षा दप्तरातली गोष्ट पसंत करावी, ही सवयही पहिल्या महिन्यातच लागलेली बरी.

त्या स्वागत समारंभाच्या आयोजकांनी पुढच्या वर्षीही यावे, असे निरोप घेताना मला म्हटले. मी त्यांना सुचवले आहे की माझ्याऐवजी 'सं. खा.' लिहिणाऱ्या त्या लिपिकांना बोलवावे. ते आता निवृत्त आहेत. मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी येण्याचे कबूल केले. मात्र व्यासपीठावर बसणार नाही, एक टेबल आणि शंभर कोरे अर्ज द्या, मुलांना एकेक करून अर्ज भरून माझ्याकडे आणायला सांगा, असे त्यांचे म्हणणे आहे. आयोजकांचे उत्तर अजून आलेले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रशासकीय अधिकारी